गॅरेजमधली डालपुरी

२००६ साली आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे फ्रिस्कोला आले, तेव्हा बाबा नुकतेच रिटायर झाले होते. आयुष्यभर त्यांनी विदर्भातले रस्ते बांधले. इथं आल्यावर दोन-तीन दिवस टेक्ससच्या रस्त्यांचं कौतुक करून झालं, आणि मग कंटाळले. आमची सबडिव्हिजन नवीकोरी, झाडं माणसाच्या उंचीची, फुटपाथवर चिटपाखरू नाही. मी आणि नवरा ऑफिसला, लेक शाळेत. आई स्वयंपाकघरात रमली. बाबा मात्र ऊन उतरलं की चालत सुटायचे.

एका संध्याकाळी ते अगदी खुशीत परत आले.

"अगं, मित्र भेटला मले! दिसतो आपल्यासारखा, हिंदीही बोलतो, पण भारतातला नाही. मॉरिशसचा आहे."

हे काका दोन घरं सोडून राहायचे, त्यांच्या मुलाकडे. बायको आदल्या वर्षी वारली, म्हणून मुलानं त्यांना इकडे आणलं होतं. मुलगा टेलिकॉममध्ये, अजून लग्न न झालेला. सोमवारी विमानानं क्लायंटकडे जायचा तो गुरुवारी संध्याकाळी उगवायचा. मधले दिवस काका एकटेच. त्यांचे पणजोबा बिहारकडून ऊस तोडायला मॉरिशसला गेलेले. त्यामुळे काकांची हिंदी म्हणजे भोजपुरी, मधे मधे फ्रेंच वाटावेत असे शब्द, आणि दर वाक्याला एक "आयो!" बाबांची हिंदी अस्सल नागपुरी. दोघांना एकमेकांचं किती कळायचं देव जाणे, पण गप्पा कधी थांबल्या नाहीत.

एका शनिवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. मुलानं स्वतः रांधलं होतं. मी टेबलाकडे बघतच राहिले. भात, मसूरची डाळ, शेजारी लसूण-आलं घातलेला पालेभाजीचा पातळ रस्सा, आणि त्यावर घालायला चक्क सोया सॉसची बाटली. कोबी-गाजराचं हळद-मोहरीचं लोणचं, तेही व्हिनेगरमधलं. आणि टोमॅटोची लालभडक दाट भाजी. तिला ते 'रुगाय' म्हणत होते.

आईनं रुगायचा घास घेतला आणि थांबली. "यात ओवा घातला का?"

"थाईम," मुलगा म्हणाला. "हे फ्रेंच लोकांचं. सोया सॉस चिनी दुकानदारांचा. आमच्या गावात कोपऱ्यावरचं दुकान चिन्यांचंच असायचं. डाळ आमची."

"थाईम म्हणजे ओव्याच्याच भावकीतलं कोणीतरी," आईनं निकाल दिला आणि आणखी एक डाव वाढून घेतला.

जेवणानंतर काका म्हणाले, सगळं आहे, पण डालपुरी नाही. मग हातवारे करून त्यांनी ती समजावली. हरभऱ्याची डाळ भरलेली, पातळ, मऊ, खारी पोळी. रस्त्यावर सायकलवाला विकायचा आणि नेहमी जोडीनंच द्यायचा, एकटी कधीच नाही. त्यांच्या घरी मात्र बायको करायची.

"पुरणपोळीच की!" आई म्हणाली. "गूळ विसरलेली."

"आम्ही फार मिस करतो," मुलगा हसत म्हणाला. "पण इथं कोण करणार?"

तो सहज म्हणाला. पण बाबांनी आणि काकांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मी पाहिलं.

पुढच्या सोमवारी ऑफिसमधून घरी आले तर गॅरेजच्या दारापासूनच स्मोक अलार्म किंचाळत होता. आई लेकीला घेऊन लायब्ररीत गेली होती. ती संधी साधून या दोघांनी माझ्या स्वयंपाकघरात डालपुरीचा घाट घातला होता. बाबांनी उभ्या जन्मात स्वतःचा चहा केला नव्हता. काकांनी बायकोला हजारदा डालपुरी लाटताना पाहिलं होतं, पण कणकेला हात लावला नव्हता. कुकरच्या भरपूर शिट्ट्या काढून डाळीचं त्यांनी वरण केलं होतं, ते मैद्याच्या गोळ्यात कोंबलं होतं, आणि ते फुटून तव्यावर जळत होतं. बाबा स्टुलावर चढून अलार्मला टॉवेलनं वारा घालत होते. काका खिडक्या उघडत होते आणि प्रत्येक खिडकीला एक "आयो!"

मला हसू आवरेना. पण कार्पेटवर मैद्याची पावलं पाहून म्हटलं, "बाबा, घरात नाही हं परत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजमध्ये संसार थाटला. नवऱ्याचा कॅम्पिंगचा स्टोव्ह, माझा जुना तवा, पोळपाट फोल्डिंग टेबलावर. गॅरेजचं दार सताड उघडं, आत बनियन-लेंग्यात बाबा आणि टाय न लावता कधी फोटोही न काढणारे काका, दोघंही पांढरेफटक. समोरची अमेरिकन बाई कुत्रा फिरवताना मुद्दाम हळू चालायची. माझ्या लेकीनं विचारलं, "आजोबा, इज इट पिझ्झा?" तर बाबा म्हणाले, "नॉट येट."

आई एक दिवस दारातून गंमत पाहत होती. बुधवारी तिला राहवेना.

"काय करून राहिले तुम्ही? कुकर कशाला? डाळ उघड्यावर शिजवा. बोटचेपी झाली की उतरवा. निथळू द्या चांगली."

डाळ निथळली. वाटली. बाबांनी ती मुठीत दाबून पाहिली आणि त्यांचे डोळेच चमकले.

"हे तर मातीसारखं आहे! रस्त्याखालची माती अशीच पाहतो आम्ही. गोळा व्हायला पाहिजे, पण पाणी सुटायला नको. हे आधी कोणी सांगितलं असतं तर!"

तिथून डाळीचा ओलावा हे बाबांचं खातं झालं. लाटणं काकांकडे गेलं. त्यांचा हात मुळातच हलका होता. बायकोचा हात कसा फिरायचा ते आठवत ते पोळपाटाभोवती स्वतःच वळायचे. भांडण झालं ते फक्त डाळीच्या पिवळ्या पाण्यावरून. आईला त्याची कटाची आमटी करायची होती. काका म्हणाले, छे, याच पाण्यात मैदा भिजवायचा, तरच पुरीला रंग येतो. बराच वेळ एकीची मराठी आणि एकाची भोजपुरी अशी झकाझकी झाली. शेवटी अर्धं पाणी आमटीत गेलं, अर्धं मैद्यात.

त्या गुरुवारी मी ऑफिसमधून लवकर निघाले. आईनं डबल बीची रस्साभाजी केली होती, काकांनी सांगितली तशी, थाईम घालून. कोथिंबिरीची हिरवी चटणी होती. पुऱ्या तव्यावरून उतरत होत्या, डाग न पडू देता भाजलेल्या, पिवळसर, आणि काका त्या एका पंच्यात गुंडाळून ठेवत होते. एकही फुटली नाही.

मुलाची टॅक्सी आली. बॅग ओढत तो स्वतःच्या दाराकडे निघाला, वास आला तसा थांबला आणि आमच्या ड्राइव्हवेत वळला. काकांनी दोन पुऱ्या एकावर एक ठेवल्या, डबल बी, चटणी, लोणचं घातलं, गुंडाळी केली, कागदात धरून त्याच्या हातात दिली.

त्यानं उभ्या उभ्याच खाल्ली. खांद्यावर लॅपटॉपची बॅग तशीच. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. संपल्यावर तो त्यांच्या फ्रेंच वळणाच्या क्रेओल भाषेत वडिलांना काहीतरी म्हणाला. काका एकदम जोरात हसले, टाळी वाजवली, मैदा उडाला.

"काय म्हणाला?" बाबांनी काळजीनं विचारलं.

"बोलता है, माई की पुरी इससे पतली होती थी!"

बाबांचा चेहरा उतरला. पण काका त्यांचे खांदे धरून हलवायला लागले. "अरे, समझो ना! माई की पुरी से मिलाया उसने! माई की पुरी से!"

मग मुलानं डोळे पुसत आणखी एक जोडी मागितली. समोरची बाई कुत्र्यासकट आली, तिलाही दिली. तिनं विचारलं हे कुठलं, तर तिघं तीन उत्तरं द्यायला लागले आणि मी मधे पडले नाही.

पुढच्या शनिवारी पुरी हवी तशी पातळ झाली. त्यानंतर आमच्या गॅरेजमध्ये शनिवारी गाडी आत गेलीच नाही. गल्लीतली पुण्या-मुंबईची पोरं क्रिकेट खेळून "काका, एक जोडी!" करत थेट तिथंच यायची.

दिवाळीला काका आमच्याकडे फराळाला आले ते एक डबा घेऊन. आत अर्धचंद्राच्या आकाराचं काहीतरी तळलेलं. रताळं उकडून, त्यात मैदा मळून केलेली पारी, आत खोबरं, साखर, वेलची. त्यांनी आणि मुलानं मिळून, यावेळी त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात केलेलं. आईनं एक मोडून पाहिलं.

"ही तर करंजी! आमची आहे ही."

"हमार बा," काका म्हणाले. "इसका नाम गातो पातात."

"रताळं तुमचं. करंजी आमची." आईनं उरलेला तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. "सारण जरा कमी आहे," ती म्हणाली, आणि डबा स्वतःकडे ओढून दुसरी उचलली.