न खाल्लेली तंबाखू

सोफे मढवणाऱ्या त्या कारागिराला बाजारात सगळे खिळेमास्तर म्हणत. कापड ताणून धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, तो ओठांत धरायचा आणि जिभेने एकेक पुढे ढकलायचा. "माझं बोलणं मनावर घेऊ नका, तोंडात चुकाच असतात," हा त्याचा ठेवणीतला विनोद. गिऱ्हाईक हसायचं आणि घासाघीस विसरायचं.

जिभेच्या कडेची जखम भरेना, तेव्हा त्याने खिळ्यालाच दोष दिला. तपासणीत कॅन्सर निघाला. गाठ काढली आणि पुढे किरणोपचार ठरले.

बातमी फुटली तसा एकच प्रश्न घरात येऊन बसला. तंबाखू? मेव्हण्याने विचारलं, शेजाऱ्याने विचारलं, रक्त काढणाऱ्या नर्सनेही सोडलं नाही. त्याने जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. आधी तो शपथेवर सांगायचा, पण शपथ घेणाऱ्याकडे माणसं जास्तच संशयाने बघतात. मेव्हण्याने तर पाठीवर थाप मारून, झालं ते झालं म्हणत, न केलेल्या गुन्ह्याची माफीही देऊन टाकली.

किरणांच्या खोलीत डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा चढवून तो टेबलाला अडकवत. मग सगळे बाहेर जात आणि जाड दार लागे. लाळ चिकट झालेली, गिळता येईना, छाती धडधडे. त्रास झाला तर हात वर करा, असं सांगितलेलं होतं. तो हात वर करत नसे. तंबाखू खाताना नाही भ्यालास, असं कोणी म्हणालं तर? घरी आल्यावर मात्र तो खोलीचं दार लावू देईना. डोळा लागला की गुदमरून उठे. मुलगी मन खंबीर ठेवा म्हणायची आणि तो भिंतीकडे तोंड फिरवायचा.

शेवटी रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी नवरा-बायकोला समोर बसवलं. भीती कशाची वाटते, असं त्याला प्रथमच कोणीतरी विचारत होतं. जड जिभेने तो म्हणाला, "मी त्या मुखवट्याखाली मरेन. आणि बाहेर सगळे म्हणतील, करावे तसे भरावे."

बायकोला हुंदका आवरेना. मग ती म्हणाली, "मीसुद्धा तुमच्या शर्टाचे खिसे तपासत होते."

जगाचं त्याने सोसलं होतं. हिचं सोसवेना. दुसऱ्या दिवशी मुखवटा चढताच त्याने हात वर केला, टेबलावरून उतरला आणि घरी निघून आला. पुढचे काही दिवस तो गेलाच नाही. डॉक्टरांचे फोन आले, मुलगी रडली, मेव्हणा ओरडला. समुपदेशक बाईंनी त्याला एकट्याला बोलावलं, तेवढं त्याने ऐकलं. घाबरेपणावर गोळी मिळाली, मुखवट्याला डोळ्यांपाशी मोकळी जागा कापून दिली. तो पुन्हा जाऊ लागला, पण बायकोने बरोबर यायचं नाही या अटीवर. ती मागच्या बसने यायची आणि फाटकाबाहेर उभी राहायची. तो बघून न बघितल्यासारखं करायचा.

रोग गेला. तोंड कायमचं कोरडं पडलं, जबडा आखडला, बोलणं फक्त घरच्यांना कळण्याइतकं उरलं. दुकान उघडलं तेव्हा खिळे मारायला मशीन घेतलं. एक जुनं गिऱ्हाईक खुर्ची घेऊन आलं, त्याच्याकडे बघून हळहळलं आणि विचारलं, तंबाखू का?

"हो," खिळेमास्तर म्हणाला.

गिऱ्हाइकाने समाधानाने मान हलवली आणि कापडाचे नमुने बघायला घेतले. बायको डबा घेऊन दारातच उभी होती. गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "खोटं कशाला बोललात?"

"खरं बोललो होतो की. तुझ्याशी."

तिने डबा फळीवर ठेवला आणि ती विस्कटलेले नमुने नीट लावू लागली. तो खुर्चीचं जुनं कापड उसवत राहिला.