झेला आणि बिबट्या

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात त्या खेळाचा विषय निघाला की मला वाडीतलं काहीतरी काम आठवायचं आणि मी उठून जायचो. माझ्या सुनेला आजही वाटतं की चित्रकाराने तिचं ऐकलं नाही. खरं काय घडलं ते दोघांनाच माहीत आहे, त्याला आणि मला. तो बोलला नाही, कारण तो आमच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बाईचा मुलगा होता. मी बोललो नाही, त्याला तसं काहीच कारण नव्हतं.

घोलवडला आमची चिकूची वाडी. मुलगा जहाजावर नोकरीला. सून वापीला एका कंपनीत कम्प्युटरवर काम करायची. एके दिवशी तिने नोकरी सोडली आणि माडीवरच्या खोलीत बसून व्हिडिओ गेम बनवायला घेतला. कंपनीबिंपनी काही नाही, एकटीच. विषय आमची वाडीच. खेळणाऱ्याने एक हंगाम वाडीत राबायचं. फळ उतरवायचं, त्यावरचा कोंडा धुवायचा, प्रतवारी करायची, पेट्या भरायच्या आणि शेडमधल्या बायकांच्या गप्पा ऐकता ऐकता त्यांची ओळख करून घ्यायची. मारामारी नाही, शर्यत नाही. मी विचारलं, "मग यात जिंकतं कोण?"

ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही एवढी वर्षं वाडी केलीत. कोण जिंकलं?"

मी उठून वाडीत चक्कर मारायला गेलो.

चित्रांसाठी तिने तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या तरुणाला घेतलं. त्याची आई रोज टेम्पोतून आमच्याकडे प्रतवारीला यायची. हा लहान असताना शेडमध्ये बसून पेट्यांच्या पुठ्ठ्यावर चित्रं काढायचा, पुढे कम्प्युटरवर काढायला शिकला. मला शेठ म्हणायचा, सुनेला वहिनी. तोंडाचा फटकळ, पण माझ्यासमोर जपून. खेळ चांगला झाला तर पुण्यात गेम बनवणाऱ्या मैत्रिणीकडे त्याचं नाव सुचवायचं, असं सुनेने ठरवलं होतं. तसं त्याला सांगितलंही होतं. त्यासाठी तो झटून, मन लावून काम करत होता.

खेळ तयार होत आला तेव्हा प्रश्न आला मुखपृष्ठाचा. हे गेम इंटरनेटवरच्या दुकानात विकतात. तिथे ओळीने शेकडो खेळ लावलेले असतात आणि प्रत्येकाचं एक छोटं चित्र. मोबाइलवर ते अंगठ्याएवढं दिसतं. गिऱ्हाईक बोटाने ओळी सरकवत जातं, त्यात त्याची नजर अडली तर अडली. सून म्हणायची, तीन वर्षांच्या कामाला तेवढ्याच जागेत बोलायला मिळतं.

चित्रकाराने पहिल्यांदा सगळं भरलेलं चित्र आणलं. झाडं, शेड, बायका, पेट्या, मागे समुद्र. कागदावर सुरेख. सुनेने ते मोबाइलवर लहान केलं आणि शेडमध्ये जाऊन हात लांब धरून बायकांना विचारलं, "काय दिसतं?"

त्याची आईच आधी बोलली. "भाजी सांडलीये कुणाची."

मग दोघांनी एकेक वस्तू काढून टाकायला सुरुवात केली. समुद्र गेला, शेड गेली, बायका गेल्या. त्यावर बायका रुसल्या. शेवटी उरला झेला. झेला म्हणजे फळ उतरवायची लांब काठी, टोकाला कडं आणि त्याला जाळी. फिकट आकाशावर तेवढी गोल जाळी आणि तिच्यात एकच चिकू. खाली ठळक अक्षरांत खेळाचं नाव, तेही दोनच शब्दांचं, म्हणजे लहान झालं तरी वाचता येईल असं. आता मोबाइल लांब धरला तरी शेडमधून एकच उत्तर आलं: झेला.

मला ते रिकामं वाटलं. मी म्हटलं, "इथल्या बायकांना कळलं. दिल्लीतल्या माणसाला झेला काय कळणार?"

"नाही कळायचा," सून म्हणाली. "हे काय असेल, असं वाटून तो थांबला तरी पुरे."

मी आयुष्यभर पेट्या भरल्या आहेत. आमच्या धंद्यात वरचा थर असतो. मोठी, एकसारखी, डाग नसलेली फळं वर लावायची, मग खाली काहीही असो. मंडईत झाकण उघडल्यावर माणूस वरचं बघतो. हे मला वडिलांनी शिकवलं आणि मी त्यात हुशार होतो. माझ्या डोक्यात तेच होतं. अंगठ्याएवढ्या चित्रात दोन डोळे हवेत, कुणाचे तरी. मी चित्रकाराला एकदा बाजूला घेऊन म्हटलं, वाडीत बिबट्या येतो ना, तो काढ. त्याने मला खूश करायला म्हणून काढला. पानांच्या काळोखातून बघणारा, पिवळे डोळे. चित्र जबरदस्त होतं. सुनेला दाखवलं तर ती हसली. खेळात बिबट्या कुठेच नव्हता. एका सकाळी ओल्या मातीत त्याची पावलं दिसायची आणि बायका त्यावर बोलायच्या, एवढंच. ती म्हणाली, "जे आत नाही ते बाहेर लावायचं नाही, अप्पा." विषय संपला.

मग खेळ विक्रीला यायच्या आदल्या दिवशी नरपडला सुनेची आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला वापीला दवाखान्यात न्यावं लागलं. सून तिकडे धावली. मुखपृष्ठाचं शेवटचं चित्र चित्रकारानेच दुकानाच्या पानावर चढवायचं होतं. अक्षरांची जागा थोडी बदलायची राहिली होती, म्हणून ते थांबलं होतं. पाड्यावर त्याला रेंज नसायची. तिने दवाखान्यातून मला फोन केला. "तो दुपारी आईला न्यायला येईल. त्याला एवढंच सांगा, झेल्याचं चित्र नक्की. अक्षरं वर घ्यायची. विसरणार नाही ना?"

मी विसरलो नाही. तो आला, मोटरसायकलवरून न उतरताच त्याने विचारलं, "वहिनी काय बोलल्या, शेठ?"

मी म्हटलं, "बिबट्याचं लाव."

त्याने मोटरसायकल बंद केली. "वहिनी असं बोलल्या?"

"मी सांगतोय ना."

माझ्या मनात वाईट नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. पोरीचा खेळ खपावा एवढंच मला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला बरोबर ठरायचं होतं.

पहिल्या दिवशी खेळ खपला. तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळ जास्त. ती दवाखान्यात होती, पान उघडून बघायलाही तिला फुरसत नव्हती. मी शेजाऱ्यांना सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी लोकांनी खेळ परत करायला सुरुवात केली. त्या दुकानात थोडा वेळ खेळून नको वाटला तर पैसे परत मागता येतात. लोक लिहीत होते: बिबट्या कुठे आहे? चिकू वेचायला लावता आणि वाघ दाखवता? एकाने लिहिलं होतं की खेळ सुंदर आहे, पण मला फसवल्यासारखं वाटलं. सुनेने हे चौथ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं. तिने लगेच स्वतःच झेल्याचं चित्र लावलं, पण नवा खेळ म्हणून दुकान जे चार दिवस पुढे ठेवतं ते तोवर गेले. खाली वाईट शेरे राहिले ते राहिलेच.

मंडईतले जुने व्यापारी पेटी उलटी करून खालून उघडायचे, हेही मला वडिलांनीच सांगितलं होतं.

घरी आल्यावर, तो तलासरीला रेंजमध्ये असेल अशा वेळी, तिने माझ्यासमोर चित्रकाराला फोन लावला. स्पीकर चालू होता. तिने विचारलं, "तुला बिबट्याचं लावायला कुणी सांगितलं?"

मी समोर खुर्चीत बसलो होतो. माझा निरोप होता, एवढं मला म्हणायचं होतं.

पलीकडून तो म्हणाला, "माझी चूक झाली, वहिनी. मला वाटलं ते जास्त चालेल."

तिने आणखी काही विचारलं नाही. फोन ठेवून मला म्हणाली, "तुम्ही झेल्याचं सांगितलं होतं ना त्याला?" मी मान हलवली. ती मान हो म्हणून हलवली की नुसतीच, हे मी तेव्हाही ठरवलं नव्हतं. तिने तिचा अर्थ घेतला. पुण्याच्या मैत्रिणीला तिने त्याचं नाव सुचवलं नाही. ज्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही त्याला दुसऱ्याच्या गळ्यात कसा घालू, असं म्हणाली. त्याची आई हंगाम संपेपर्यंत कामाला येत राहिली, पुढच्या हंगामाला आली नाही. गुडघे दुखतात असा निरोप आला.

खेळ अजून त्या दुकानात आहे, झेल्याचं चित्र लावून. थोडा थोडा खपतो. सून आता घरूनच दुसऱ्या कुणाचं काम करते, दुसरा खेळ तिने घेतला नाही. चित्रकार तलासरी नाक्यावर बॅनर छापतो. वाढदिवसाचे, लग्नाचे, भावी सरपंचांचे.

मागच्या महिन्यात मी त्याच्या दुकानात गेलो. रिक्षात वाक्य तयार करत होतो, दोन-तीनदा पुटपुटूनही बघितलं. त्याने रुमालाने खुर्ची पुसली, चहा सांगितला, वहिनी कशा आहेत विचारलं. मी म्हटलं, बऱ्या आहेत. त्याच्या आईचं विचारलं. तीही बरी होती. मशीनमधून कुणाचा तरी फोटो इंचाइंचाने बाहेर येत होता, आधी केस, मग कपाळ.

"काय काम काढलंत, शेठ?"

मी म्हटलं, "वाडीच्या फाटकाला बोर्ड हवाय."

"चित्र कोणतं टाकू?"

"तुला वाटेल ते टाक."

तो हसला. "नको शेठ, तुम्हीच काय ते सांगा. मागाहून परत माझी चूक निघायची."

त्याने वाट करून दिली होती, आणि ती मला दिसली होती. मी चहा संपवला आणि म्हटलं, चित्र नको, नुसतं नाव टाक. बोर्ड आठवड्याने आला. फाटकावर लावला आहे, त्यावर नुसती अक्षरं आहेत.

हे लिहून झालं की कागद सुनेच्या टेबलावर ठेवणार आहे. ती वाचेल, मग जे काय म्हणायचं ते म्हणेल. पण त्या दिवशी रिक्षात तयार केलेलं वाक्य तिच्यासाठी नव्हतं. ते असं होतं: तुझ्या वहिनीने झेल्याचंच सांगितलं होतं, बिबट्या माझा होता, तू माझी चूक अंगावर घेतलीस आणि मी खुर्चीत बसून ऐकत राहिलो, मला माफ कर.