कावळा लगेच शिवला

"आबा, तुमच्या मंडळींच्या दहाव्याला कावळा किती वेळानं शिवला हो?"

वलवणच्या बंगल्यात पुण्याचे पाहुणे बसले होते. मॅडमनी विचारायच्या आधी मला खुर्ची दिली. वीस वर्षं मी तिथं माळीकाम करतो, खुर्ची पहिल्यांदा मिळाली. तिथंच संशय आला. बायको जाऊन महिना झाला होता. कशानं गेली, कुणी विचारलं नव्हतं. एकदम कावळाच का? माझं आडनाव मॅडमना माहीत नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं. आता ते काढून घ्यायचंय का?

"लगेच शिवला, मॅडम."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

पाहुणे हसले. मॅडमच्या मांडीवर एक पुस्तक पालथं पडलं होतं. मला चहा आला. मी तो प्यायलो.

खोटं बोललो होतो. आम्ही बौद्ध. पिंड ठेवलाच नव्हता, कावळा शिवणार कशाला? फोटो ठेवला, मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, जलदान केलं. झालं.

मांडीवरचं पुस्तक मी ओळखलं होतं. लेकीनं आईसाठी आणलेली कादंबरी. मोठं बक्षीस मिळालेली. मी दुसरी पास, बायको चौथी. आजारपणात ओळीखाली बोट धरून मला वाचून दाखवायची. धाप लागली की थांबायची. त्यातल्या माणसाची बायको मरते आणि तो कावळ्याची वाट बघत नाही. ते पान वाचून म्हणाली, "ह्यो आपल्यातला हाय. माझंबी असंच करा. आन कुणी इचारलं तर लपवू नका. बंगल्यावर गेलं की तुमची दातखीळ बसती."

आठवड्यानं कामशेतला लेकीकडं गेलो. आईसाठी आणलेलं ते पुस्तक लोकांना कसं वाटलं, ती फोनवर बघत होती. वाचता वाचता थांबली. "दादा, हे ऐका." पाचपैकी एकच चांदणी. खाली मॅडमचं नाव.

"लेखकाला मावळ माहीत नाही. बायको गेल्यावर नायक पिंड न ठेवता मेणबत्ती लावतो. असं कोण करतं? आमच्या बंगल्यावरच्या अडाणी माळ्यालाही दहावा कळतो. त्याच्या बायकोला कावळा लगेच शिवला."

लेकीनं फोन खाली ठेवला. "आपण पिंड कुटं ठेवला व्हता, दादा?"

कावळा मीच बसवला होता. माझ्या बायकोवर.

सकाळी बंगल्यावर गेलो. या वेळी उभाच राहिलो.

"मॅडम, मी खोटं बोललो. आमी बौद्ध हाये. पिंड ठेवला न्हाई. तुमचं लिवलेलं काढा."

त्या माझ्याकडं नवा माणूस आल्यासारखं बघायला लागल्या. मग हसल्या. "अहो आबा, ते कोण वाचतंय? आणि तुम्ही वाचलंय का ते पुस्तक?"

"बायकोनं वाचलं. मी ऐकलं."

"बरं, बघू."

बघू म्हणजे काय, ते मला वीस वर्षांत कळलंय. त्यांनी काढलं नाही. कालपासून माझ्याकडची फाटकाची किल्ली मागतायत, दुसरी करून घ्यायची म्हणून. कशाला मागतायत ते दिसतंय.

लेकीला म्हणालो, त्यांच्या खालीच माझं लिही. माझ्या बायकोला कावळा शिवला नाही, कारण आम्ही पिंड ठेवला नाही. पुस्तकात आहे तसंच आम्ही केलं. मॅडमना खोटं सांगणारा माळी मीच.

"नाव नको टाकायला, दादा. काम जाईल."

"टाक. आडनावासकट टाक."