सतरा नंबरचा अर्ज

पाच रिटायर्ड माणसं भल्या कामासाठी एकत्र बसली की किस्से आपोआप होतात. काम तेवढं मुद्दाम करावं लागतं. फ्रीगंजातल्या आमच्या निवारा समितीत मी दोन वर्षं जॉइंट सेक्रेटरी होते. एम.ए. झाले होते म्हणून नव्हे, टायपिंग येत होतं म्हणून.

समितीचं काम सोपं होतं. गिरण्या बंद पडत होत्या, लोकांच्या खोल्या सुटत होत्या. नवा मकानमालिक तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागायचा. ते ज्यांच्याकडे नसेल, त्यांच्या वतीनं आम्ही भरायचं. खोली सोडली की पैसे समितीकडे परत. कल्पना अध्यक्ष अण्णांची. अण्णा रेल्वेतून रिटायर झालेले. माझ्या बाबांना नोकरी त्यांनीच लावून दिली होती. त्यामुळे घरून मला रोज एकच सूचना असायची: अण्णांसमोर तोंड चालवू नकोस.

* * *

फॉर्म तात्यांनी तयार केला होता. तात्या खजिनदार, बँकेतून निवृत्त. दुसराच रकाना होता 'कायमचा पत्ता'.

राम घाटावर फुलं विकणाऱ्या एका बाईंची खोली गेली होती. सामान घाटावरच आणून ठेवलं होतं. त्यांनी खरं ते लिहिलं: 'राम घाट, वरून चौथी पायरी.'

तात्यांनी फॉर्म परत पाठवला. मी तावातावानं विचारायला गेले, तर शांतपणे म्हणाले, "अगं, पिन कोड कुठाय?"

* * *

अण्णांचा एक नियम मात्र मला मनापासून आवडायचा. सभेत गरजू माणसाचं नाव घ्यायचं नाही, मालकाचंही नाही. अर्ज नंबरानंच वाचायचा. गरिबाच्या अब्रूची चर्चा चहा-पोह्यांबरोबर व्हायला नको, असं त्यांचं म्हणणं. नावं फक्त माझ्या फाइलीत.

तात्यांना हा नियम इतका अंगवळणी पडला की टावर चौकात भर गर्दीत एका हातगाडीवाल्याला पाहून ते आनंदानं ओरडले, "काय अकरा, मिळाली का खोली?"

* * *

एका मालकानं भाडेकरूला काढून खोलीत एसटीडी बूथ टाकायचं ठरवलं. तेव्हा दर चौथ्या घरात बूथ निघत होता. आम्ही समजूत घालायला गेलो. अण्णा माणुसकीवर बोलले, तात्या व्याजावर बोलले. मालकानं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "बहनजी, किराएदार रोता है. फोन नहीं रोता."

मी म्हटलं, "मरता तो है. हर बारिश में."

तो खूप हसला. चहा पाजला. खोली दिली नाही.

परतताना अण्णा माझ्यावरच चिडले. मोठ्यांच्या मध्ये बोलायची काय गरज होती? मोठ्यांच्या बोलण्यानं काय मिळालं, असं मी विचारलं.

* * *

मग सिंहस्थ जवळ आला. महिन्याच्या भाड्याइतके पैसे यात्रेकरू चार दिवसांत देतात, हे सगळ्या शहराला ठाऊक. दर एक तारखेला खोल्या धडाधड रिकाम्या व्हायला लागल्या. अर्जांचा ढीग झाला, आणि आमची सभा महिन्यातून एकदाच!

सभा दर आठवड्याला घ्या, म्हणून मी भांडले.

"तुमच्या पिढीला फार घाई," तात्या म्हणाले.

"घाई मला नाहीये, तात्या. एक तारखेला आहे."

सभा दर पंधरा दिवसांनी घ्यायची ठरली. हे ठरवायला तीन सभा लागल्या.

* * *

त्याच दिवसांत कमलबाई आल्या. फ्रीगंजातल्या पाच घरी पोळ्या करायच्या. नवरा गिरणीत होता, तो वारला. मोठी मुलगी बारावीला, घरात इतकं शिकलेली पहिलीच. आठ वर्षं एकाच खोलीत होत्या, भाडं एकदाही थकलं नव्हतं. आता एक मार्चला खोली सोडायची होती आणि बोर्डाची परीक्षा त्याच आठवड्यात सुरू होत होती.

"परीक्षा होईस्तोवर थांबा म्हटलं," त्या सांगत होत्या. "तर मालकांचा मुलगा म्हणाला, सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. परीक्षा दरवर्षी येते."

फॉर्म हातात धरून त्यांनी दारावरच्या बोर्डावरची समितीची नावं वरपासून खालपर्यंत वाचली. मग मला विचारलं, "ताई, तुम्ही नंबरानंच वाचता ना?"

मी हो म्हटलं. त्या गेल्यावर फॉर्म पाहिला आणि मालकाच्या नावापाशी थांबले. फाइलीत लावला. नंबर सतरा.

* * *

सभेत मी सतरा नंबर वाचला. नियमाप्रमाणे, नाव न घेता. आठ वर्षांचं भाडं, बारावीची मुलगी, एक मार्च. शेवटी मालकाच्या मुलाचं ते वाक्य वाचलं.

अण्णांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मुलगा असं बोलतो आणि बाप गप्प बसतो? इथं नव्या खोलीचं डिपॉझिट-बिपॉझिट काही नाही. आधी त्याला पत्र जाऊ द्या. बाईला खोलीतून काढायचं नाही, परीक्षेआधी नाही आणि सिंहस्थ संपेपर्यंत तर नाहीच. नाही ऐकलं, तर त्याचं नाव आपल्या बोर्डावर खडूनं लिहायचं. सगळं फ्रीगंज वाचेल."

तात्यांनी दुरुस्ती सुचवली: 'समज' ऐवजी 'कडक समज'. ठराव एकमतानं पास.

"नाव-पत्ता तू घाल," अण्णा मला म्हणाले. "आणि पत्र हातोहात दे. पोस्टाचा भरवसा नाही."

दोन वर्षांत पहिल्यांदाच मी अण्णांचं सगळं म्हणणं मुकाट ऐकलं.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र घेऊन अण्णांकडे गेले. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. अंगणात एक चुनेवाला बादलीत चुना कालवत बसला होता.

पत्राचा शेवट वर येईल अशी घडी घालून मी ते पुढे केलं. अण्णांनी झोकात सही ठोकली. मग म्हणाले, "कोण आहे गं हा गृहस्थ? आपल्यातलाच आहे की काय?"

मी घडी उलगडली. पोच-वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली.

"इथं पण सही लागेल, अण्णा. पत्र मिळालं म्हणून."

अण्णांनी चष्मा पुसला. पत्र वरपासून वाचलं. पुन्हा वाचलं. तेवढ्यात चुनेवाला उठला. "बाबूजी, पीछेवाली बाई को बोल दूँ, सामान हटा ले?"

अण्णांचं पेन हलेना, म्हणून मी पर्समधून माझं काढलं. त्याबरोबर खडूही बाहेर आला. तो मी परत आत ठेवला नाही.

अण्णांनी त्या खडूकडे पाहिलं. मग वहीत सही केली, वेळ घातली आणि मान वर न करताच चुनेवाल्याला म्हणाले, "अभी नहीं, भैया. लड़की की परीक्षा है."