तापली की पेट्रोल वाढवणारी गाडी

भालू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चिंचपोकळीच्या वर्कशॉपात एक डायनामो उघडून बसलो होतो. हातातला पाना खाली ठेवला आणि पहिला विचार आला तो हा, की मेला शेवटी कबूल न करताच गेला! रडू नंतर आलं, आधी रागच आला. नवं राज्य मिळाल्याच्या पेढ्यांची चव अजून तोंडात होती आणि हा गृहस्थ झोपेतच हृदय बंद पडून मोकळा...

भालू माझा साडू. माझी बायको सुमती थोरली बहीण, त्याची इंदू धाकटी. धंदाही दोघांचा एकच, मोटारींच्या वायरिंगचा. फरक इतकाच की मला तो येत होता. लालबागच्या व्यायामशाळेत शोकसभा झाली, तिथे त्याला ‘कुशल कारागीर’ म्हणाले. मी मागच्या बाकावर दात आवळून बसलो. अहो, या माणसाने मांडवात दिवे लावले की वऱ्हाड अंधारात जेवायचं!

त्याच्याकडे युद्धाच्या आधीची एक मोटार होती, सहा व्होल्टची. नव्या राज्यासाठीच्या चळवळीच्या दिवसांत समितीच्या मंडळींना सभा पुकारायला गाडी हवी होती आणि त्यांच्या कर्ण्याचं मशीन चालायचं बारा व्होल्टवर. मी म्हटलं, कर्ण्याची बॅटरी मागच्या सीटवर वेगळी ठेव, गाडीला हात लावू नकोस. पण साधं काम सरळ केलं तर तो भालू कसला! “आख्खी गाडीच बारावर घेतो,” म्हणाला. बॅटरी बदलली, डायनामो बदलला, दिवे बदलले. राहिले डॅशबोर्डवरचे जुने काटे, एक पेट्रोलचा आणि एक इंजिनाच्या तापमानाचा. त्यांना बारा व्होल्ट दिले की ते जळणार. म्हणून मध्ये रेझिस्टन्स घालून व्होल्टेज उतरवायचं आणि प्रत्येक काट्याला तो वेगळा द्यायचा. या शहाण्याने काय करावं? घरातल्या बिघडलेल्या शेगडीच्या कॉइलचा एक तुकडा कापला आणि दोन्ही काटे त्या एकाच तुकड्यावर टांगले.

चाळीत खालच्या बिऱ्हाडाने तोटी बंद केली की वरच्यांच्या बादलीत धो धो पाणी येतं ना, तसंच झालं. त्या गाडीत तापमानाचा काटा इंजिन गार असताना जास्त करंट ओढायचा, तापलं की कमी. मग उरलेला सगळा जोर पेट्रोलच्या काट्याला. म्हणजे गाडी जितकी पळवाल तितकं टाकीतलं पेट्रोल वाढत जायचं! मी पोट धरून हसलो.

“अरे, दादरला जाऊन आलास आणि टाकी भरली? पेट्रोल पंप बांधून घेतलायस काय गाडीत?”

“तुझी जळते, वसंता. काटा बरोबर आहे.”

“एकदा फक्त ‘चुकलो’ म्हण. आत्ताच्या आत्ता दुसरा तुकडा घालून देतो.”

“काटा बरोबर आहे.”

सणासुदीला, बारशाला, कुणाच्या तेराव्यालासुद्धा आमचं हेच चालायचं. मला त्या माणसाकडून बाकी काही म्हणजे काही नको होतं, तेवढा एक शब्द हवा होता. सुमती म्हणायची, दोघंही सारखेच आहात. मला तो अपमान वाटायचा.

मग व्हायचं तेच झालं. सभाबंदी होती, तरी हा कर्णा लावून लालबागमधून फिरत होता, शेजारी इंदू घोषणा देत होती. भर नाक्यावर गाडी बंद पडली. समोरून पोलीस आले. इंदू उतरून जवळच्या चाळीत शिरली. हा मात्र स्टिअरिंग धरून बसून राहिला आणि तसाच पकडला गेला. सुटून आला तेव्हा चाळीने हार घातले. भालू पळाला नाही! मी तेव्हाही सांगत होतो, अरे, कसलं शौर्य, टाकी कोरडी होती आणि हा येडा काट्यावरचं पाव टाकी पेट्रोल बघत बसला असणार. माझं कोण ऐकतंय!

परवा इंदू चाळीतल्या पोरांकडून गाडी ढकलवत वर्कशॉपात आली. “भावोजी, विकायचीय. काटे नीट करून द्या, घेणाऱ्याला खोटं नको.” माझी जीभ कुठली गप्प बसते? म्हटलं, “हेच काटे बघत बसला, म्हणून धरला गेला तुझा नवरा.”

“छे हो. पेट्रोल संपलंय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, चला, पळू या. तर म्हणतात कसे, गाडी टाकून गेलो तर ती सोडवायला वसंताच येईल आणि आल्या आल्या टाकीत काडी बुडवून पेट्रोल किती ते बघेल. त्यापेक्षा लॉकअप परवडला.”

हसताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना... इतका मूर्ख, इतका हट्टी माणूस मला पुन्हा कुठून मिळायचा!

दोन काट्यांना दोन वेगळे रेझिस्टन्स लावले. थोडं पेट्रोल घालून, इंदूला शेजारी बसवून गाडी परळपर्यंत नेऊन आणली. इंजिन चांगलं तापलं. पेट्रोलचा काटा वर न जाता शहाण्यासारखा हळूहळू खाली उतरला.

“बघ!” मी ओरडलो. “बघितलंस?”

इंदू रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, “तरीसुद्धा ते ‘चुकलो’ म्हणाले नसते, भावोजी.”