शेपटाचं चाक आधी

जगात जे जे काही 'आता हे व्हायचं नाही' असं कुणीतरी म्हणून ठेवलं आहे, ते करून दाखवायची जबाबदारी देवाने आपल्यावर टाकली आहे, अशी आमच्या मामेसासऱ्यांची पक्की समजूत आहे. देवाला याची कल्पना आहे की नाही, मला ठाऊक नाही. निमगाव सावा आणि आसपासच्या वाड्यांना मात्र आहे, आणि म्हणून तिकडे शहाणी माणसं मामांसमोर हे शब्द तोंडातून काढत नाहीत. एका डॉक्टरांनी एकदा काढले. "या वयात विहिरीत पोहणं जमायचं नाही," एवढंच ते बिचारे म्हणाले. मामा दवाखान्यातून उठले, थेट विहिरीवर गेले, चार फेऱ्या पोहले आणि ओल्या लेंग्यानिशी परत दवाखान्यात हजर झाले. "हे झालं. आता आजून काय काय जमायचं न्हाई, त्याची यादी करून द्या," म्हणाले. बाकडं ओलं केल्याबद्दल कंपाउंडरशी भांडणही करून आले.

नोकरीत ते पाटकरी होते. कालव्याच्या चारीचं दार उघडून कुणाच्या रानात किती वेळ पाणी जायचं, ते बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. नियम असा की पाणी आधी शेपटाला, म्हणजे चारीच्या अगदी शेवटच्या रानाला द्यायचं, आणि मग मागे मागे सरकत तोंडाशी यायचं. हा नियम कागदावर सगळीकडे असतो. मामा तो रानात पाळायचे, त्यामुळे तोंडाकडच्या ऊसवाल्यांशी त्यांचं कधी जमलं नाही. एकदा दार उचकटायचा बेत शिजतोय अशी कुणकुण लागली, तेव्हा मामा दाराच्या चाकावरच छत्री उघडून दोन दिवस बसून राहिले. "शेपूट भिजू द्या. मग दार काय, मला बी उचलून न्या," असं त्यांचं म्हणणं होतं. मामी तिथेच डबा पोचवायच्या आणि नवरा जेवेपर्यंत स्वतः चाकावर बसायच्या. या बाईंचा हट्ट मामांच्या हट्टापेक्षा आवाजाने लहान आहे, बाकी वजनाला सारखाच.

मामांकडे एक जुनी जीप आहे, तीही याच कालव्याच्या खात्याची. तीस वर्षं साहेब या जीपमधून आले, आणि पाटाच्या रस्त्यावर सायकल बाजूला घेऊन उभ्या राहिलेल्या मामांच्या तोंडात धूळ घालून गेले. एकदाही "बस रे" म्हणाले नाहीत. जीप लिलावात निघाली तेव्हा मामा नुकतेच निवृत्त झाले होते. सगळे म्हणाले, असलं धूड घेऊन काय करणार? मामांनी ते घेतलं आणि साहेबाच्या सीटवर मामींना बसवलं. तेव्हापासून ही जोडी लग्नाला, बाजाराला, दहाव्याला, सगळीकडे त्या जीपमधून. दर वर्षी दिवाळीनंतर आहुप्यालाही जायची. तिथे मामींची मानलेली बहीण आहे, ती नव्या भाताचे तांदूळ देते. डोंगरातला तो रस्ता चढताना जीप एवढी धापा टाकते की खाली उतरून तिला पाणी विचारावंसं वाटतं.

आता मामांचा परोपकार. गावात कुणालाही खत आणायचं असलं की जीप हजर. युरियाची पोती, जीवामृताची पिंपं, कोंबडखत, सगळं मागच्या बाजूला. पोती फाटायची, पिंपं हिंदकळायची, ते सगळं तळातल्या भोकांतून खाली झिरपायचं आणि वर पावसाळा. दहा वर्षं हे चाललं. रानात पिकं तरारली आणि जीपखालच्या लोखंडी नळ्या सडत गेल्या. डिझेलची नळी आधी पाझरायला लागली. मामांनी त्यावर कपड्याचा साबण घासून लावला. ही युक्ती ट्रकवाल्यांची आहे आणि ती दोन दिवस चालते. मामांनी ती दोन वर्षं चालवली. न्हाणीतला साबण गायब झाला की मामी समजायच्या, नळी गळतीय. मी एकदा भीत भीत म्हणालो, "मामा, डिझेल गळतंय तर ब्रेकच्या नळ्याही बघून घ्या ना." मामा म्हणाले, "पावणं, ब्रेक दिसतोय का गळताना? न्हाई ना? मंग!"

गेल्या दिवाळीनंतर आहुप्याहून उतरताना ब्रेक गळालेला दिसला. मामांनी ब्रेक दाबला आणि पॅडल तळाला जाऊन बसलं. खाली वळण, डाव्या हाताला दरी, शेजारी मामी, मागे तांदळाचं पोतं. मामांनी गिअर पहिल्यात घातला, हँडब्रेक ओढला आणि जीप डोंगराच्या बाजूला मातीच्या ढिगात घुसवली. पोतं फुटलं, बाकी कुणाला काही झालं नाही. मामी उतरल्या, पदर झटकला, डिंभ्याकडे जाणाऱ्या एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेल्या आणि एकट्या घरी आल्या. "आता त्यांनी चालवत इमान आणलं तरी मी बसायची न्हाई," एवढंच बोलल्या. त्यानंतर चार महिने त्या कुठंही जायचं तर एसटीने, आणि मामा त्या एसटीच्या मागे रिकामी जीप पहिल्या-दुसऱ्यात हाकत. म्हणजे हँडब्रेकवर! मी याबद्दल त्यांना फार बोललो. जावई म्हणून जेवढं बोलता येतं, त्याच्या दुप्पट बोललो.

पुण्याहून मामांच्या मुलाने फोन केला की भंगारवाला ठरवलाय, रविवारी येईल. आळेफाट्याच्या गॅरेजवाल्याने गाडीखाली डोकं घालून ते तसंच बाहेर काढलं आणि म्हणाला, "ब्रेकच्या न्हाईत, डिझेलच्या न्हाईत, एक नळी धड न्हाई. रेडीमेड मिळत न्हाईत. हे काय आता व्हायचं न्हाई, बाबा." झालं! शब्द उच्चारले गेले. मामांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. रविवारी भंगारवाला आला, त्याला चहा पाजून परत पाठवला, आणि सोमवारी मला, शाळामास्तराला, रजा काढायला लावून जुन्नरला नेलं.

जुन्नरला मामांच्या ओळखीचे एक चाचा आहेत. रेडिएटर आणि नळ्यांची कामं करतात. त्यांचे वडीलही तेच करायचे. मामांनी फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी आधीच पैदा केली होती, कारण तांबं गंजत नाही आणि हाताने वाकतं. चाचांनी ती बोटाने चेपली आणि परत दिली.

"ये फ्रिज में चलेगा, पाटकरी. ब्रेकला न्हाई."

"का न्हाई व्हायचं?" मामा उसळले.

"व्हईल ना. पयल्या दिवशी मस्त व्हईल. मंग एक दिवस पाय जोरात माराल आन फाटंल. गाडीत भाभी बसत्यात का तुमच्या?"

मामांनी तांब्याचं वेटोळं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "पोलादी द्या."

पुढचे तीन दिवस अंगणात जीप चार ओंडक्यांवर चढून बसली होती. जुनी नळी जपून काढायची, तिच्यावर तिच्यासारखीच नवी वाकवायची, आणि चाचांनी दिलेल्या शिकंज्यात धरून तिचं तोंड फुलवायचं, म्हणजे नट तिथे घट्ट बसतो. मात्र नट नळीत आधी ओवावा लागतो. तोंड फुलल्यावर तो आत जात नाही. मामांनी पहिलं तोंड इतकं सुरेख फुलवलं की ते दाखवायला शेजाऱ्यांकडे जाऊन आले. नट ओट्यावरच होता. दुसऱ्या नळीला तसंच. तिसऱ्या वेळी मी नट हातात घेऊन उभा राहिलो, तर म्हणाले, "मला शिकवू नगा," आणि तो ओवायचा राहिलाच. मी गाडीखाली टॉर्च धरून होतो. डिझेलची जुनी नळी सुटली आणि डिझेल माझ्या बाहीतून थेट बनियनपर्यंत आली. मामी ओट्यावर मटकी निवडत बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, पण सुपातली मटकी बराच वेळ हलली नाही.

चौथ्या दिवशी नळ्यांमधली हवा काढायची होती. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाजवळचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे, स्क्रू आवळायचा, मग पाय सोडायचा. मामांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. "पाटाचंच काम हाय. शेपटाचं चाक आधी," म्हणाले आणि सगळ्यात लांबच्या, मागच्या डाव्या चाकाशी जाऊन आडवे झाले. पॅडलवर मी. "दाबा. धरा. सोडा." मी प्रत्येक वेळी अर्धा क्षण आधी सोडायचो आणि हवा परत आत. "पावणं, मी सोडा म्हणल्याबिगर सोडायचं न्हाई! पोरांना आसंच शिकवता का?" तासाभरात माझी पोटरी लटपटायला लागली आणि पॅडल तळालाच.

तेवढ्यात सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. "उठा पावणं," मामी म्हणाल्या. "तुमच्यानं न्हाई व्हायचं." मी उतरलो. त्या चढल्या, नऊवारीचा काष्टा सावरला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "बंद गाडीत बसायला मी कवा नाय म्हणले?" गाडीखालून मामांचा आवाज आला: "दाब." नेहमीपेक्षा हळू.

मामींचा पाय एकदाही आधी सुटला नाही. मागचं डावं झालं, मागचं उजवं झालं, पुढचं डावं झालं. शेवटचं पुढचं उजवं चाक, म्हणजे मामांचं डोकं बरोबर मामींच्या पायाखाली. "दाब. धर." मी वाकून पाहत होतो. बुडबुडे थांबले, स्वच्छ तेल आलं, मामांनी स्क्रू आवळला, रबरी टोपीही बसवली. सोड म्हणायचे मात्र राहिले. तसेच उताणे पडून होते.

"सोडू का?" मामींनी विचारलं.

"थांब जरा," मामा म्हणाले. मग गाडीच्या तळाकडे बघत म्हणाले, "त्या दिशी मी लई घाबरलो व्हतो गं. दरीकडं तूच व्हतीस."

चाळीस वर्षांत या माणसाने कशाला भ्यालोय असं कबूल केल्याचं घरात कुणाला आठवत नाही. मला तिथून निघून जायला हवं होतं, पण टॉर्च माझ्याच हातात होता.

"मंग चार महिनं एकलं कशाला हिंडत व्हता?" मामी म्हणाल्या. आवाज भांडणाचाच होता. "उद्याच्याला आधी पाटाच्या रस्त्यानं चालवून बघायची. मंग आहुप्याच्या त्याच उतारावर जायाचं. मी येनार. आता घाबरायचं आसंल तर दोगं मिळून घाबरू."

जीप अजून किती वर्षं निघेल, मला माहीत नाही. त्या दोघांचं वयही मी हल्ली मोजत नाही. मी टॉर्च बंद केला. मामा बराच वेळ गाडीखालून बाहेर आले नाहीत, आणि मामींनीही पॅडलवरचा पाय काढला नाही.