शनिवारचा शिक्का

दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की बँकेच्या दारात पहिली मी असते. निवृत्तिवेतन चालू राहायचं तर आपण जिवंत आहोत असा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो, आणि त्यासाठी अख्खा महिना असतो. काउंटरवरची मुलगी आता मला ओळखते. "आजी, महिनाभर वेळ आहे हो, इतकी काय घाई?" असं ती दर वर्षी विचारते, आणि गुडघ्यांचं काहीतरी कारण सांगून मी वेळ मारून नेते. खरं कारण तिला सांगण्यासारखं नाही. मला भीती वाटते. समोर यादी घेऊन बसलेल्या बाईची भीती वाटते, कारण ती बाई कशी असते हे मला पक्कं ठाऊक आहे. बावीस वर्षं ती मीच होते.

आमचं कार्यालय नारायण पेठेतल्या माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. निराधार म्हातारी माणसं, विधवा, अपंग यांना सरकार दरमहा थोडं अनुदान मनीऑर्डरने पाठवायचं, त्याच्या फायली आमच्याकडे. वर्षातून एकदा या सगळ्यांनी समक्ष येऊन तोंड दाखवायचं. त्याला आम्ही हजेरी म्हणायचो. तारीख पत्राने कळवायची, त्या दिवशी दारात उभं राहून नाव तीनदा पुकारायचं. आलं तर 'हजर', नाही आलं तर 'गैरहजर'. गैरहजर म्हणजे अनुदान बंद. पुन्हा हवं असेल तर नवा अर्ज, नवे दाखले, आणि समितीची बैठक होईल तेव्हा होईल.

मला हे अगदी रास्त वाटायचं. वर्षातून एक दिवस! तेवढंही जमत नसेल तर गरज तरी किती असेल, असं मी डबा खाताना मैत्रिणींना ऐकवायची. दोन दिवस उशिरा येऊन कोणी गयावया करू लागलं की मी भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवायची. फलक मीच रंगवून घेतला होता: 'नियम सर्वांना सारखा आहे. कारणे सांगू नयेत.' लोकांना वाचता येत नाही हे मला माहीत होतं. तरी बोट दाखवायची. कार्यालयाची वेळ साडेदहाची होती आणि आम्ही स्वतः अकराच्या पुढे आरामात उगवत होतो. त्यापायी आमच्यातल्या कोणाचा पगार कधी बंद झाला नव्हता. हे मला तेव्हा एकदाही सुचलं नाही.

आता त्या वर्षाचं सांगते. पत्रांची जावक नोंद माझ्याकडे होती. साहेबांची सही झाली की मी वहीत तारीख लिहायची, पत्राला जावक क्रमांक द्यायची, पाकिटात घालून पत्ता लिहायची. कागदोपत्री पत्र त्याच दिवशी गेलं. प्रत्यक्षात ते जायचं पोस्टाची तिकिटं शिल्लक असतील तेव्हा. संपली असतील तर नव्या तिकिटांचं बिल मंजूर होईपर्यंत पाकिटं माझ्या उजव्या हाताच्या खणात पडून राहायची. सगळ्याच कार्यालयांत असं चालायचं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. चार-पाच दिवसांनी काय बिघडतंय, हजेरीची तारीख तर तीन आठवडे पुढची असायची.

त्या वर्षी तिकिटांचं बिल काहीतरी हरकत लागून परत आलं. शहरातल्या लोकांची हजेरी वेगळ्या दिवशी असायची, त्यांची पत्रं आधीच गेली होती. राहिला तो गावांचा गठ्ठा, एकोणीस पाकिटं. आठवडा गेला, दुसरा गेला. रोज सकाळी मी खण उघडायची, गठ्ठा बघायची आणि खण लावायची. पुढेपुढे तो खण उघडायचाच मी टाळू लागले. पेन्सिल लागली तर शेजारच्या टेबलावरून मागून आणायची.

तिकिटं आली ती शनिवारी दुपारी. हजेरी सोमवारी होती. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, या एकोणीस जणांना पत्रं मिळणार नाहीत. तारीख पुढे ढकलायला हवी."

साहेब वाईट माणूस नव्हते. कोणावर आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "जावक क्रमांक कधीचा आहे?"

"अठरा दिवसांपूर्वीचा."

"मग झालं तर," ते म्हणाले. "पाठवून द्या."

मी तिकिटं चिकटवली आणि घरी जाताना गठ्ठा पोस्टात दिला. मधे रविवार.

सोमवारी मी दारात उभी राहिले. एरवी हजेरीच्या दिवशी त्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसायची. काठ्या, पिशव्या, खोकला, तंबाखूचा वास. त्या दिवशी बाक रिकामे होते. कोपऱ्यात दोघं बसली होती, त्यांना तलाठ्याकडून कुठूनसं कळलं होतं. मी यादी धरली आणि नावं पुकारू लागले. प्रत्येक नाव तीनदा, मधे थोडं थांबून, नियमाप्रमाणे. समोर कोणी नव्हतं, आणि कोणी असणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी सतरा माणसांना तीन-तीनदा हाका मारल्या. शेवटी शेवटी माझा आवाज मलाच ऐकवेना. कोपऱ्यातली दोघं माझ्याकडे बघत होती. त्यांतल्या म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "बाई, कोनाला बोलवताय?" मी त्याला गप्प बसायला सांगितलं आणि सतरा वेळा 'गैरहजर' लिहिलं.

मग काही दिवस काहीच झालं नाही. कोणी भांडायला आलं नाही, कोणाचा अर्ज आला नाही. मला वाटलं होतं की लोक येतील, ओरडतील, आणि मग आपोआप सगळं सरळ होईल. ही शांतता मात्र मला सोसवेना. मनीऑर्डर यायची वेळ टळून जाईपर्यंत त्या लोकांना आपलं नाव कटल्याचं कळणारच नव्हतं.

पाच-सहा आठवड्यांनी धायरीची म्हातारी आली. धायरी तेव्हा गावच होतं. सिंहगड रस्त्याला बसमधून उतरून आत शेतांमधून चालत जावं लागायचं. बाई सत्तरीची, अंगाने काटकुळी, नऊवारी गुडघ्याच्या जरा खालपर्यंत खोचलेली. दर वर्षी हजेरीला ती सगळ्यांच्या आधी यायची आणि बाकाच्या कडेला बसून राहायची, म्हणून मला चेहरा आठवत होता. तिने पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"बाई, ह्यो कागद मला हजेरी झाल्यावर घावला," ती म्हणाली. "शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाकवला. म्हनले, आजी, पाकीट टाकू नका. शिक्का हाय त्यावर, त्यो दाकवा."

मी पाकीट हातात घेतलं. तिकिटावर पोस्टाचा गोल शिक्का होता. एरवी हे शिक्के इतके पुसट असतात की भिंग लावूनही वाचता येत नाहीत. हा लख्ख उमटला होता. शनिवारची तारीख. 

"मनीऑर्डर आली न्हाई," ती सांगत होती. "मला मूल-बाळ न्हाई. मालक गेल्यापास्नं पुतन्याच्या पडवीत ऱ्हाते. मनीऑर्डर येती म्हून सून भाकरी वाढती. आता पुतन्या म्हनतोय, म्हैनाभर वाट बगतो, न्हाई आली तर तुजं तू बग." हे सगळं ती रडत नव्हती सांगत. बसची वेळ सांगावी तसं सांगत होती.

मी तिला साहेबांच्या खोलीत नेलं. पाकीट माझ्या हातात होतं. साहेबांनी तिचं ऐकून घेतलं, तिला खुर्चीवर बसवलं, पाणी द्यायला लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, जावक वही आणा." मी आणली. त्यांनी बोटाने ओळ शोधली आणि वर बघितलं. "आजींचं पत्र केव्हा गेलं?"

उत्तर त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. म्हातारी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अगदी निश्चिंत भाव होता. शिकलेली बाई, रोज लिहिते-वाचते, आता ही सांगेल. 'शनिवारी' एवढा एकच शब्द मला बोलायचा होता. पण तो बोलला की एकटी म्हातारी सुटत नव्हती, सतराच्या सतरा हुकूम चुकीचे ठरत होते. मग चौकशी झाली असती, खोटी तारीख कोणाच्या अक्षरात आहे ते निघालं असतं, आणि माझी बढतीची फाइल तेव्हा वर गेलेली होती. हे सगळं मी त्या एका क्षणात नीट मांडून पाहिलं. घाबरून तोंडातून काहीतरी निसटलं, असं झालेलं नाही. मी विचार करून बोलले.

"वहीप्रमाणे हजेरीच्या वीस दिवस आधी गेलंय, साहेब," मी म्हणाले. आणि पाकीट उलटं करून वहीखाली सरकवलं.

साहेबांनी मान हलवली. "पोस्टाकडून उशीर झाला असेल, आजी. त्याला आमचा इलाज नाही. नियम सगळ्यांना सारखा. नवा अर्ज करा, या बाई भरून देतील."

माझ्या फलकावरचं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना तोंडात मारल्यासारखं झालं. म्हातारी वाद घालत बसली नाही. तिने उठून आधी साहेबांना आणि मग मला हात जोडले. मी अर्ज भरून दिला, अंगठा घेतला. पाकीट परत द्यायला मी खालमानेने पुढे केलं, तर म्हणाली, "तुमच्यापाशीच असू द्या. माज्याकडं कुटं पडंल. तुमाला लागंल ते दाकवायला."

त्यानंतर मी त्या अर्जामागे हात धुऊन लागले. रोज आठवण, रोज टिपण. बाकीच्या सोळांचे अर्जही मी आपणहून पत्रं पाठवून मागवले. आलेले मंजूर झाले. साहेबांनी एकदाही विचारलं नाही की बाई, आत्ताच एवढी तत्परता का. समितीची बैठक मात्र तिच्या वेळेनेच झाली, साडेसहा महिन्यांनी. मंजुरीचं पत्र मी टपालात टाकलं नाही. रजा टाकून धायरीची बस पकडली.

पडवीला पत्रे ठोकून दार लावलं होतं. आत खताच्या गोण्या रचलेल्या दिसत होत्या. पुतण्याची बायको अंगणात धुणं वाळत घालत होती. मी कुठून आले ते सांगितलं.

"त्या न्हाईत हितं आता," ती म्हणाली.

"कुठे गेल्या?"

"गेल्या."

"कोणाकडे? कधी?"

तिने लुगडं झटकून दोरीवर टाकलं. "संक्रांतीच्या आधी. आमी काय धरून ठेवायचं व्हतं का? सांगून गेल्या न्हाईत." मग तिची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली आणि ती जवळ आली. आवाज एकदम मऊ झाला. "मंजूर झालं का? बसा की, च्या टाकते. द्या कागद हिकडं, अंगठा मी देते. कोन बगायला येतंय?"

मी कागद पर्समध्ये घातला आणि चहा न घेता निघाले. वाटेत शाळेत डोकावले. मास्तरांनाही काही कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "पाकिटाचा काही उपयोग झाला का हो?" बसची वेळ झाली असं सांगून मी निघाले.

पुढच्या हजेरीला तिचं नाव यादीत आलं, कारण मंजुरी मीच मिळवून दिली होती. व्हरांडा तुडुंब भरला होता. मी तिचं नाव तीनदा पुकारलं, मग नियम मोडून चौथ्यांदा. रकान्यात दोनच शब्दांना जागा होती. मी 'गैरहजर' लिहिलं.

ते पाकीट माझ्याजवळ आहे. माझ्या निवृत्तिवेतनाचे कागद ज्या फाइलमध्ये असतात त्यातच, सगळ्यात खाली. दर नोव्हेंबरमध्ये दाखल्यासाठी फाइल काढली की ते हाताला लागतं. कागद पिवळा पडलाय, पत्त्याची शाई उडत चाललीय. शिक्का मात्र तसाच आहे. चष्मा न लावताही मला तो वाचता येतो.